सकाळवाले आणि दुपारवाली

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा आवाज देण्याचा, राहणार तिसऱ्या मजल्यावरच्या ह्याच दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या दबावाने वा भरीस घातल्याने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या भावाला तो बघायला लागेल. वकिलांनी दीड पानाचा मसुदा करून दिला होता. तो चांगलाच होता, पण त्यात मी कुठेच नव्हते, म्हणून हा मी माझ्या हाताने लिहिला आहे. ह्याआधीचं माझं काही लिहिलेलं सापडलंच तर ते रद्द समजावं.

कलम १. राहतं घर माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला, द्यावं. स्वयंपाकघरातली खिडकी ढकलून लागत नाही, आधी थोडी वर उचलावी लागते. विकायचं असेल तर खुशाल विकावं, माझ्या आठवणी म्हणून भिंती सांभाळत बसू नये. ह्या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. तिने एकदा मला विचारलं होतं, "आत्या, तू एकटी का राहिलीस गं?" मी म्हटलं, "योग नव्हता." ते उत्तर चुकीचं होतं. बरोबर उत्तर पुढे येईल.

कलम २. आईचं लोखंडी कपाट ह्याच धाकट्या भावाने न्यावं. त्याने माझ्यासाठी एक स्थळ आणलं होतं, सायकलच्या दुकानाचा मालक, सरळ माणूस. मी कारण न देता नाही म्हटलं. भाऊ नऊ वर्षं माझ्याशी बोलला नाही. त्याच्या जागी तो बरोबर होता, असं मी इथे लिहून देते. तोंडाने म्हणणार नाही. बँकेत जे काही आहे ते त्याने आणि भाचीने निम्मंनिम्म घ्यावं. भांडण्याइतकं ते नाही.

कलम ३. माझा हेडफोन, तीन पायांचं स्टूल आणि पेन्सिलच्या खुणा केलेल्या संहितांचे गठ्ठे, माझ्या जागेवर आता जी बोलते तिला द्यावेत. परक्या भाषेतल्या सिनेमांना आपल्या भाषेत आवाज द्यायचं काम मी एकतीस वर्षं केलं. त्यातले एकोणचाळीस सिनेमे एकाच जातीचे. तीनशे वर्षांपूर्वीचा राजपुत्र कपाटातून बाहेर पडतो आणि दंतवैद्य बाईच्या प्रेमात पडतो. नाहीतर शंभर वर्षांनंतरची मुलगी मागे येते आणि छापखान्यातल्या घुम्या कारकुनाला हसवते. मधे पाठलाग, पडापडी, वॉशिंग मशीनला घाबरून तलवार उपसणं. शेवटी दोघं एकाच काळात, एकाच बाकावर. नायिका बहुतेक वेळा मी असायचे. माझ्या जागेवर आता बोलणाऱ्या तिला एवढंच सांगावं, की रडायचा प्रसंग असेल तेव्हा आधी जेवू नये आणि हसायचा असेल तर उपाशी जाऊ नये.

कलम ४. आमच्या संवादलेखकाने मला सहा वर्षांत निदान चारशे वेळा ‘अय्या’ म्हणायला लावलं. त्याला माफी आहे. अणुशास्त्रज्ञ बाईच्या तोंडीही त्याने ‘अय्या’ घातलं होतं, तेवढ्याला नाही.

कलम ५. हे कलम मालमत्तेचं नाही. वकिलांनी गाळा म्हणून सांगितलं होतं. मी गाळलेलं नाही.

आमची आवाजाची खोली एवढी लहान होती, की आत एक माणूस, एक माईक आणि एक स्टूल. दुसरा शिरला तर त्याचा श्वास रेकॉर्ड व्हायचा. म्हणून पुरुषांचे आवाज सकाळी आणि बायकांचे दुपारी. नायकाला आवाज देणारे सकाळी नऊला येत आणि साडेबाराला वाचनालयातल्या नोकरीवर जात. मी आईचं सगळं आवरून दोनला पोचायचे. सगळे त्यांना सकाळवाले म्हणत आणि मला दुपारवाली. सहा वर्षांत आम्ही समोरासमोर चारदा भेटलो, त्यात दोनदा जिन्यात.

मी हेडफोन लावला, की त्यांचे सकाळचे संवाद वाजायचे आणि मी दुपारी त्यांना उत्तरं द्यायचे. टेप सुरू झाली, की तीनदा ‘टूं’ वाजायचं आणि मग संवाद. त्या टूंच्या आधी दहाएक सेकंदं मोकळी असायची. एक दिवस तिथे ते खाकरून म्हणाले, "दुपारवाली, आजचा राजपुत्र फार रडका आहे, सांभाळून घे." माझं काम संपल्यावर टेप थांबायच्या आत मी म्हटलं, "राजपुत्राला म्हणावं, नाक शिंकरून येत जा." त्यांना रोज सकाळी आदल्या दिवसाचं काम ऐकवत, त्यात ते पोचलं. मग ते रोजचंच झालं. आई घसरून पडली तेव्हा तिच्या पायाची चौकशी त्यांनी केली, माझ्या घरच्यांच्या आधी. मी दोन वाजायची वाट सकाळी उठल्यापासून बघायचे. माझं त्यांच्यावर प्रेम होतं. हे वाक्य मी दुसऱ्यांच्या तोंडात एवढ्या वेळा घातलं, पण स्वतःचं म्हणून आज पहिल्यांदा लिहिते आहे.

मग एका सिनेमाच्या पक्क्या प्रतीत आमचं एक वाक्य चुकून तसंच राहिलं. तलवार उगारलेला राजपुत्र भर दरबारात म्हणाला, "आज घसा बसलाय का गं? गरम पाणी पी." थिएटर हसून लोळलं. आमच्या स्टुडिओचा मालक हसला नाही. त्याने आमच्या ध्वनिमुद्रकाला हुकूम सोडला, की टूंच्या आधीचं आणि संवाद संपल्यानंतरचं सगळं कापून मगच टेप दुसऱ्याला ऐकवायची. ह्या ध्वनिमुद्रकाला सगळे कानसेन म्हणत. आम्हा दोघांना कोणी काही सांगितलं नाही.

सोमवारी टूंच्या आधी काही नव्हतं. माझं काम संपल्यावर मी टेपवर विचारलं, "आज गप्प का?" तेही कापलं गेलं असणार. मंगळवारी काही नाही. मला वाटलं, कंटाळले. त्या वयात माझ्या नाकावर माशी बसत नसे, बुधवारपासून मीही गप्प राहिले. शनिवारी कळलं, की सकाळवाल्यांनी काम सोडलं. दोन वर्षांनी त्यांच्या लग्नाची बातमी आली, तेव्हा मी एका नायिकेचं खदखदून हसणं करत होते आणि ते पहिल्याच खेपेला पसंत पडलं.

एक दिवस सकाळी नऊला जाऊन उभी राहिले असते, तर सगळं मिटलं असतं. मी गेले नाही. त्याचा दोष कानसेनच्या माथी मारता येत नाही, मी प्रयत्न करून पाहिला.

कलम ६. गेल्या डिसेंबरात सकाळवाले वारले. शोकसभा संपल्यावर कानसेनने मला जिन्यात थांबवलं. आता त्याच्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत.

"ताई, एक सांगायचं राहिलंय. सदतीस वर्षं झाली."

"मग आता राहू दे की."

"नाही हो राहवत."

आणि कठड्याला धरून त्याने मला सोमवारची ती दहा सेकंदं म्हणून दाखवली. शब्द असे होते: "दुपारवाली, ऐक. सिनेमात ह्या लोकांना तीनशे वर्षं ओलांडून यावं लागतं. आपल्यात नुसतं जेवणाच्या सुट्टीचं अंतर आहे. माझ्याशी लग्न करतेस का? उत्तर उद्या सकाळी ऐकतो."

"मला वाटलं, सिनेमातलंच वाक्य म्हणून बघताहेत," कानसेन म्हणाला. "दिवसाला चारदा लग्नाची मागणी ऐकायचो मी. हुकूम होता, कापलं."

"आणि ते सोडून गेले तेव्हा?"

"तेव्हा कळलं."

"मग?"

"मग नोकरी होती, ताई. मग लाज वाटली. मग त्यांचं लग्नच झालं."

वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. मी त्याला जिन्यात तसाच सोडून घरी आले आणि तीन दिवस दार उघडलं नाही. पडद्यावरच्या बायकांसाठी मी आयुष्यभर रडले, पण असं रडणं मला येतं हे मला ठाऊक नव्हतं. ते गेले ह्याचं दुःख होतंच. पण ते मंगळवारी सकाळी हेडफोन लावून माझं उत्तर ऐकायला बसले असतील आणि त्यांना काहीच ऐकू आलं नसेल, हे मला अजून सहन होत नाही. त्यांना वाटलं, मी नाही म्हटलं. असं वाटतच ते गेले. त्या सिनेमांतलं यंत्र कोणी मला दिलं, तर तीनशे वर्षं नकोत. एक सोमवार पुरे.

कानसेनला माझ्या मालमत्तेतून काहीही देऊ नये. वकील म्हणाले, की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. हे ऐकल्याबरोबर मी त्याला साक्षीदार नेमलं. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते म्हणे. ह्याने वाचायचा आहे, मोठ्याने.

कलम ७. सकाळवाल्यांच्या पत्नी हयात आहेत तोवर भाचीने कलम ५ ते ८ कोणालाही दाखवू नयेत. शोकसभेत त्या आपणहून माझ्याजवळ आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "तुमचा आवाज मी लगेच ओळखला हो. टीव्हीवर तुमचा सिनेमा लागला, की हे जेवायचं ताट घेऊन तिथेच बसायचे. बंद करू द्यायचे नाहीत." त्यांनी मला चांगुलपणानेच सांगितलं. त्यांचं कशातच काही चुकलेलं नाही, आणि माझ्यामुळे त्यांचा एकही दिवस मागे जाऊन खराब होऊ नये.

कलम ८. ज्याला द्यायचं तो हयात नसेल, तर कलम निरुपयोगी ठरतं, असं वकिलांचं मत आहे. ते असो. सकाळवाल्यांनी सोमवारी विचारलेल्या प्रश्नाला माझं उत्तर ‘हो’ असं आहे. त्या दिवशी दुपारी दोन वाजताही ते हेच होतं, आणि त्याआधी निदान चार वर्षं. हे कोणाला पोचवायचं नाही, कुठे छापायचं नाही. कुठल्या तरी कागदावर सही-साक्षीनिशी असावं, एवढंच. भाचीला दिलेलं ‘योग नव्हता’ हे उत्तर ह्या कलमाने रद्द होत आहे.

वर लिहिलेलं सगळं मी वाचलं असून ते मला मान्य आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर मी, आणि माझ्यासमोर त्यांनी, सही केली आहे.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: १६ फेब्रुवारी २०२४

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार पहिला, तळमजल्यावरच्या दवाखान्याचे डॉक्टर: बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. नाडी थोडी जलद. (सही)

साक्षीदार दुसरा, निवृत्त ध्वनिमुद्रक: मी हे सगळं ताईंसमोर मोठ्याने वाचलं. कलम ६ मधला प्रश्न मी तेव्हा माझ्या कानांनी ऐकला होता, शब्द तेच आहेत. कलम ८ वाचताना माझा आवाज फुटला, तेव्हा ताईंनी कागद माझ्या हातातून घेतला आणि उत्तर स्वतः म्हटलं. स्पष्ट ऐकू आलं. पुन्हा घ्यावं लागलं नाही. (सही)