बाबांचं काँक्रीटचं घर

फ्नॉम पेन्ह, ४ मे २००५
चि. वुथी यास अनेक आशीर्वाद, वि. वि.
काल तीन माणसं मोजमापाची फीत घेऊन अंगणात शिरली. विचारलं तर म्हणाली, घर तुमच्या भावानं विकलंय. मुलगा म्हणून कागद तुझ्या नावावर केला तो मीच. मला एका ओळीनं कळवायचंस तरी!

इथं काय होणार, ठाऊक आहे? पिवळं, कमानींचं हॉटेल, ‘फ्रेंच काळासारखं’. बाबांनी फ्रेंच साहेबांच्या कचेरीत अकरा वर्षं त्याच कमानी गिरवल्या. स्वातंत्र्यानंतर हे पहिलं घर त्यांनी स्वतःच्या डोक्यानं आखलं. आपल्या गावाकडच्यासारखं खांबांवर, पण काँक्रीटचं. जाळीच्या भिंती, भर उन्हाळ्यातही आत वारा. ते पाडून पुन्हा साहेबाच्या कमानी? सौदा मोड.

रागावले आहे, म्हणून माया आटलेली नाही.
तुझी,
मालिसताई

ल्यों, फ्रान्स, २१ मे २००५
ती. ताईस सा. न. वि. वि.
तू बोललीस ते मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. छप्पर गळतं, जिना तुला झेपत नाही, एवढंच डोक्यात होतं. पत्र येताच सौदा मोडायला गेलो, जमलं नाही. जुन्या इमारतींच्या एका जाणकाराला गाठलं. तो म्हणाला, फ्रेंच बंगला असता तर काही करता आलं असतं, कालपरवाच्या काँक्रीटला कोण वाचवणार? मी गप्प बसलो, याचीच लाज वाटते.

तुझ्यासाठी तिथंच लिफ्ट असलेला फ्लॅट घेतलाय. नाही म्हणू नकोस.
तुझा अपराधी,
वुथी

फ्नॉम पेन्ह, ७ ऑगस्ट २००५
चि. वुथी यास आशीर्वाद, वि. वि.
फ्लॅटची किल्ली परत पाठवते आहे. मी मावशीच्या सोफीकडे राहते.

घर पडलं. मुकादम म्हणाला होता, दोन दिवसांचं काम. नुसत्या छपरालाच सहा दिवस लागले. रोज समोरच्या झाडाखाली बसून मी बघत होते. चौथ्या दिवशी तो घाम पुसत आला आणि त्यानं विचारलं, आजी, हे बांधणारा फ्रेंच इंजिनिअर कोण होता?

मी म्हटलं, “केओ सारून. माझा बाप. इथलाच.”

त्याला खरं वाटेना. मी त्याला वही काढायला लावली, नाव लिहून घ्यायला लावलं आणि दोनदा मोठ्यानं वाचायला लावलं. मजूर घण खाली ठेवून ऐकत होते. मग मात्र मला तिथं बसवेना.

तुझ्या मुलांनाही हे नाव लिहायला शिकव. आपल्या लिपीत.
तुझी,
ताई