अब्बांच्या नावाची हज

जलीब, कुवेत, २० जून २०२५

प्रिय असमाआपास,
मुझफ्फरचे ढीगभर सलाम, वि. वि. फोन केला की अम्मी स्पीकरवर लावते नि अर्धा मिरकरवाडा ऐकतो. म्हणून सुट्टीवर गावी निघालेल्या माझ्या खोलीतल्या अशरफबरोबर ही चिठ्ठी देतोय.

हज झाली. पण अब्बांच्या नावाची नाही, माझी झाली. एहरामच्या पांढऱ्या चादरी गुंडाळून, हज कुणाच्या नावाची ती नियत करायच्या वेळी बसमधले मौलाना म्हणाले, स्वतःची हज केल्याशिवाय मयताच्या नावाने करता येत नाही. मी इथल्या शर्कच्या मासळीबाजारात मासे कापणारा, मला काय ठाऊक! तुम्ही तरी विचारायचं कुणाला. कोपऱ्यावरून साखर आणायला सांगावं तसं सांगितलंत.

काबा पहिल्यांदा दिसतो तेव्हा मागावं ते मिळतं म्हणतात. मी नुसता बघत राहिलो. अराफातच्या मैदानात सगळे ढसाढसा रडत होते, मी बाजूच्या चाचांना टिश्यू देत बसलो. मिनात सैतानाला खडे मारताना एकाची चप्पलच उडाली, तरी हसू आलं नाही. मला, आपा! अब्बांचा जनाजा मोबाइलवर बघितला तेव्हापासून असंच आहे.

अम्मीला तूच सांग. लोभ असावा, शिव्या बेताच्या असाव्यात.
तुझा मुझफ्फर

मिरकरवाडा, ६ जुलै

चि. मुझफ्फरास आपाच्या दुआ.
गाढवा, इथे अम्मीने अब्बांची हज झाली म्हणून मोहल्ल्यात पुलाव वाटला. बाया मुबारकबाद देऊन गेल्या. मी सांगितलं तेव्हा ती कांदा चिरत होती. चिरतच राहिली. मग म्हणाली, त्याची झाली ना, मग वाट मोकळी झाली. पुढच्या साली अब्बांची करू दे. मोहल्ल्याला मी बघते.

जेवतोस ना नीट? हाजी झालास, आता तरी लोकांच्या चपला लपवू नकोस. दुआत आम्हाला विसरू नये.
तुझी आपा

जलीब, २५ जुलै

आपास सलाम, वि. वि.
अम्मीला सांग, जाईन. पण खरं सांगू? मौलाना नको म्हणाले तेव्हा मला बरं वाटलं. अब्बांच्या कबरीला माती तुम्ही दिलीत. माझ्या वाट्याला हे एकच काम आलं होतं. तेही उरकलं असतं तर अब्बांचं माझ्याकडे काहीच उरलं नसतं. आता सकाळी मासे कापताना वाटतं, त्यांनी काम सांगितलंय, मी नेहमीसारखा टाळतोय, नि आत्ता ओरडतील.

हे अम्मीला वाचून दाखवू नकोस. माया आहे तशी राहू दे.
तुझा मुझफ्फर