सहीखालची ओळ

इंदिरा नगर, लखनौ
१७ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. दादा,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोनच केला असता, पण तू अर्धं ऐकतोस आणि फोन वहिनीच्या हातात देतोस. आज मला पूर्ण ऐकून घेणारा माणूस हवा आहे, कारण संतापाने माझं डोकं फुटायची वेळ आली आहे.

तुला सांगितलं होतं, की माझ्यासारख्या चाकाच्या खुर्चीवरच्या माणसांना सरकारी इमारती वापरता येतात का याची देशभर पाहणी चालली आहे, आणि इथल्या पाहणीत दिव्यांगांची प्रतिनिधी म्हणून मला घेतलं आहे. बाईसाहेब आता शिक्के मारणार म्हणून तू चेष्टाही केली होतीस. तर जानेवारीत आलमबागच्या पुढच्या एका ऑफिसची पाहणी झाली. दिव्यांगत्वाची प्रमाणपत्रं तिथे मिळतात आणि ते ऑफिस आहे पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही. ज्याने ही जागा निवडली त्याला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे.

सावनीने गाडी फाटकाशी लावली. आत मोटारसायकली अशा खेटून लावलेल्या, की खुर्ची न्यायला वाट नाही. तेवढ्यात तिथले प्रमुख इंद्रजितजी स्वतः हात जोडून खाली आले. मॅडमनी कशाला तकलीफ घ्यायची, आम्ही वरचं सगळं बघून येतो आणि तुम्हाला सांगतो, असं म्हणाले. गाडीत चहा आला, खस्ता कचोरी आली, ऊन लागतंय म्हणून कुणी तरी काचेवर टॉवेलसुद्धा लावला. मग रजिस्टर आलं. हजेरीपुरती सही हवी, असं सांगितलं. मी केली. इतक्या अदबीने आजवर मला कुणी दाराबाहेर ठेवलं नव्हतं.

आज अहवाल हातात पडला. इमारत ‘सुगम’ आहे. उतार आहे, जाण्यायेण्याला अडथळा नाही, आणि हे सगळं ‘दिव्यांग प्रतिनिधींच्या प्रत्यक्ष पाहणीनंतर व संमतीने’ लिहिलं आहे म्हणे! माझ्या संमतीने! लिफ्ट कुठे बसवायच्या याची यादी याच अहवालांवरून होणार आहे. ‘सुगम’ म्हटलं की त्या ऑफिसचं नाव यादीतून गेलं.

त्या दिवशी गाडीच्या काचेतून मी एका बापाला बघत होते. विशीतल्या मुलीला पाठुंगळी घेऊन तो जिना चढत होता. मुलीने डोळे गच्च मिटून घेतले होते. मी कचोरी खात होते, दादा.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, या तापट बहिणीवर तो थोडा जास्त असू द्यावा.
तुझी,
विनू


कराड
२५ फेब्रुवारी २०२५

चि. विनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. पूर्ण वाचलं, दोनदा वाचलं, आणि तुझ्या वहिनीच्या हातात दिलं नाही, तिनेच ओढून घेतलं. तिचं म्हणणं, की तू त्या साहेबांना चांगलं फैलावर घ्यावंस.

माझं ऐकशील तर शांत राहा. मी बांधकाम खात्यात तेहतीस वर्षं काढली. असे अहवाल ढिगांनी जातात आणि ढिगांनी पडून राहतात. त्या माणसालाही वरून तारीख आली असेल. हजेरीची सही संमतीला जोडली, हे वाईटच. पण त्यामागे काही कट नसतो गं, नुसती घाई असते. तू एक पत्र टाक, पोच घे आणि विषय सोड. या वयात रक्तदाब वाढवून घेऊ नकोस.

मी तिथे असतो तर तुला पाठीवर घेऊन वर नेलं असतं. चौथीपर्यंत तुला शाळेत कोण नेत होतं? ओढ्यात पाणी असलं तरी एक दिवस तुझा खाडा झाला नाही. आता माझे गुडघे कुरकुरतात, तरी एक मजला जमेल.

इकडे थंडी ओसरली. आंब्याला मोहोर बरा आहे. सावनीला सांग, मामाशी मराठीत बोललीस तर लोणचं पाठवीन.

आमची माया तुझ्यापाशी आहे, ती जपून ठेव.
तुझा,
दादा


इंदिरा नगर, लखनौ
१२ मार्च २०२५

ती. स्व. दादा,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस तुझ्यावर रागावले होते. अजूनही आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

तू मला पाठीवरून नेलंस ते मी जन्मभर विसरणार नाही. पण ते तू आठ वर्षांच्या बहिणीला नेलंस. मी आज साठीला आले. एका संशोधन संस्थेत तीस वर्षं नोकरी केली, माझ्या हाताखाली मुलं डॉक्टरेट झाली. मला स्वतःच्या कागदासाठी कुणाच्या पाठीवर का चढायचं? आणि ज्याला दादा नाही त्याने काय करायचं? तुझ्या पाठीचे उपकार आहेत, पण सरकारने तुझ्या पाठीच्या भरवशावर जिने बांधायचे का?

तू म्हणालास तसं पत्र टाकलं. उत्तर नाही. मग स्वतः गेले. इंद्रजितजी पुन्हा खाली आले, पुन्हा हात जोडलेले, पुन्हा चहा. माझ्या सहीनंतर आता काही करता येत नाही, याचं त्यांना फार वाईट वाटतं म्हणाले. रजिस्टरच्या पानाची नक्कल मागितली तर ते दिल्लीला पाठवलेल्या कागदांत जोडलं आहे, असं कळलं. अहवालातला तो उतारही पाहिला. आहे, खरंच आहे, मागच्या बाजूला. त्यावर जनरेटर ठेवला आहे आणि तो जातो जुन्या फायलींच्या खोलीत. फायलींची सोय उत्तम केली आहे.

तिथेच ती मुलगी पुन्हा भेटली. चेतना नाव. तेलीबागला राहते, शिवणकाम शिकवते. प्रमाणपत्राच्या नूतनीकरणासाठी ही तिची पाचवी खेप. तिने मला सरळ विचारलं, की अहवालावर तुमची सही आहे ना. दादा, मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मी दिल्लीच्या देखरेख समितीकडे तक्रार केली. ते लोक ४ एप्रिलला येणार आहेत. सुनावणी कुठे, ओळख पाहू? त्याच ऑफिसात, पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात.

एक विचारते. तू नेहमी माझी बाजू घेतोस. या वेळी त्या साहेबाची का घेतलीस?

राग आहे तरी माया कमी नाही, तुझीही कमी होऊ नये.
विनू


कराड
२० मार्च २०२५

चि. विनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला चार कागद फाडावे लागले.

मी त्या साहेबाची बाजू घेतली, कारण तो मी आहे. निवृत्तीच्या दोन वर्षं आधी तालुक्यातल्या शाळांत खुर्चीसाठी उतार बांधले गेले. अकरा शाळांचा दाखला मला द्यायचा होता. दहा पाहिल्या. अकरावी डोंगराकडची, संध्याकाळ झाली होती. मुख्याध्यापक कागद घेऊन खालच्या रस्त्यापर्यंत आले, हॉटेलात चहा झाला, आणि मी ‘उतार पाहिला, वापरण्यायोग्य आहे’ असं लिहून सही केली. हे मी, जो तुला पाठीवरून शाळेत नेत होतो. तुझ्या पत्रातली कचोरी वाचली आणि मला तो चहा आठवला. म्हणून तुला शांत राहायला सांगितलं. शांत मला राहायचं होतं.

आता महत्त्वाचं. आपल्या अण्णांची सवय तुला आठवते ना? जमिनीची मोजणी करणारा माणूस. सही कुठे बसून केली ते लिहिल्याशिवाय सही पुरी होत नाही, असं म्हणायचे. त्यांच्या कागदांवर सहीखाली बारीक अक्षरात असायचं, ‘बांधावर, बाभळीखाली, सकाळी नऊ’. आपल्याकडून पाटीवर तेच गिरवून घेतलं. तुझ्या लग्नाच्या नोंदणीतही तू ‘मंडपात, दुपारी’ लिहिलं होतंस आणि सगळे हसले होते. त्या रजिस्टरमध्ये सहीखाली तू काय लिहिलंस? आठव. माझ्या त्या अकराव्या दाखल्यावर मी ती ओळ कोरी ठेवली होती. हॉटेल लिहायला हात धजावला नाही.

तू फार शिव्या न देता उत्तर लिहिलंस तर तुझा लोभ अजून शाबूत आहे असं समजेन.
दादा


इंदिरा नगर, लखनौ
५ एप्रिल २०२५

ती. स्व. दादा,
शि. सा. न. वि. वि.

शिव्या नंतर देईन. आधी कालचं ऐक.

सहीखाली काय लिहिलं ते मला काही केल्या आठवेना. हात आपोआप चालतो, तो लक्षात कुठे राहतो? तशीच गेले. जिन्यापाशी चार शिपाई प्लास्टिकची खुर्ची घेऊन मला उचलायला सज्ज होते. मी माझ्या खुर्चीचे ब्रेक लावले आणि सांगितलं, की मला इथून खुर्चीसकट वर जाता येईल असं काही बांधा, नाही तर सुनावणी खाली आणा. मी फर्निचर नाही. शेजारी चेतना होती, तिचे वडीलही. त्यांनी तिला पाठीवर घ्यायला वाकून पाहिलं, तिने नको म्हणून मान हलवली. इंद्रजितजींच्या अदबीला पहिल्यांदाच तडा गेला. दिल्लीहून माणसं आली आहेत, तमाशा करू नका, म्हणाले. तमाशा तर जिन्याने कधीचाच मांडला होता!

निरोप वर गेला. समितीच्या प्रमुख देविका मॅडम स्वतः खाली यायला निघाल्या. त्यांना दिसत नाही, हे मला तेव्हा कळलं. काठीने एकेक पायरी ठोकत, मोजत आल्या. खाली पोचून म्हणाल्या, बावीस. मग त्यांनी विचारलं, की अहवालातला उतार या बाविसांपैकी कोणता.

टेबल खाली आलं, मोटारसायकली हलल्या. हे दहा मिनिटांत झालं, लक्षात घे. मॅडमनी सहायकाला रजिस्टरचं पान वाचायला सांगितलं. त्याने नावं वाचली, सह्या आहेत म्हणाला आणि थांबला. त्यांनी बजावलं, की पानावर आहे ते सगळं वाच, एक अक्षर गाळू नकोस, मला दिसत नाही. तेव्हा तो पानावर वाकला आणि माझ्या सहीखालची बारीक ओळ अडखळत वाचू लागला: ‘स्थळ: फाटकाबाहेर, गाडीत. वेळ ११.४०. आत गेले नाही.’

दादा, डोळे असलेल्या किती जणांच्या हातांतून ते पान गेलं असेल! मला अण्णा दिसले, बांधावर बसलेले.

‘सुगम’ रद्द झालं. प्रमाणपत्राचं टेबल सोमवारपासून तळमजल्यावर, असा लेखी हुकूम झाला. लिफ्टच्या यादीत नाव परत जाणार. बसेल तेव्हा खरी. चेतनाचं काम तिथेच, जिन्याखाली झालं. तिने सही करताना मला विचारलं, की खाली जागा लिहायची का. मी लिहायला लावली.

आता तुझं. तुझ्यावर मी ओरडणार नाही. पण त्या शाळेत खुर्चीवरचं पोर असेल, तर त्याला कोण आत नेतं ते मला कळव.

माझा लोभ शाबूत आहे. आता त्या शाळेचं बघ.
विनू


मुक्काम डोंगराकडची शाळा
१९ एप्रिल २०२५

चि. विनूस,
अनेक आशीर्वाद.

काल वहिनी म्हणाली, की उत्तर घरी बसून लिहू नकोस. म्हणून टेप घेऊन इथे आलो. इथल्या पोरांनी टेपचं दुसरं टोक धरलं.

उतार आहे. पण तो व्हरांड्याला टेकतच नाही. हातभर आधीच संपतो आणि पुढे उंच पायरी आहे. पाचवीत एक मुलगी आहे. तिचा थोरला भाऊ तिला त्या पायरीवरून उचलून घेतो. मी विचारलं, की तू दहावी होऊन गेलास की हिला कोण नेणार. 

खात्याला अर्ज लिहिला आहे, की माझा तो दाखला खोटा आहे, तो रद्द करावा, उतार पुरा करावा आणि माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. प्रत सोबत जोडली आहे. सहीखालची ओळ तपासून घे. अण्णांना चालेल का, सांग.

‘स्थळ: उतार संपतो तिथे, पायरीच्या खाली. वेळ दुपारी १२.१०. या वेळी पाहिलं.’

आशीर्वाद तर आहेतच. रागही कळवत जा, त्याचा उपयोग होतो.
दादा