मानेवरच्या रेघा

१५ ऑक्टो. ७३
व्हरांड्यातल्या बंधुभगिनींनो, सकाळपासून आपण या बाकांवर बसून आहोत आणि आपल्या माणसाला काय झालंय हे आपल्याला कुणी धड सांगत नाही! सभेत टाळ्या पडल्या असत्या. इथे सिस्टर म्हणाली, "भाषण बाहेर द्या भाऊ. अगोदर त्याचं थुंकीचं भांडं धुवा." धुतलं.

वसंताला घशाचा कॅन्सर. माझा धाकटा भाऊ, वय एकतीस. डॉक्टर त्याला सांगणार होते, मीच अडवलं. त्याला आणि आईला सांगितलंय, साधी गाठ आहे, विजेच्या शेकाने विरेल.

१८ ऑक्टो.
शेकाचा आठवा दिवस. मशीनचा नेम चुकू नये म्हणून मानेवर जांभळ्या शाईच्या रेघा. सिस्टर रोज बजावते, तिथे पाणी नाही, तेल नाही, साबण नाही. घसा आतून सोललाय. चार चमचे पेज, पाऊण तास. गुळणीत रक्त. मी म्हणालो, "वा पहिलवान!" त्याने तोंड फिरवलं.

२५ ऑक्टो. नरक चतुर्दशी
काल कळमेश्वरला युनियनची गेटसभा, कारखान्याच्या दारात. मालक कामगारांपासून काय काय लपवतात यावर दीड तास बोललो. मुक्काम तिथेच. सकाळी घरी आलो तर वसंता पाटावर, नाहून लख्ख. आईने तेल-उटणं लावून मान घासघासून धुतलेली. एकही रेघ नाही.

"तू मारलंस त्याला!" शेजारी दारात आले इतका ओरडलो.

आईचे हात उटण्याने भरलेले. "आंघोळीनं कुठं माणूस मरते गा? तूच म्हणला ना, साधी गाठ हाय. सणाच्या दिवशी पोरगा पारोसा ठेवू?"

उत्तर एकच होतं. दिलं नाही. तिलाच दोषी राहू दिलं.

तसंच त्याला दवाखान्यात नेलं. सिस्टरने मान उजेडाकडे वळवून बघितली. मग, "रेघा डॉक्टरच आखतात. ते आता भाऊबीजेनंतर." तोवर शेक बंद.

२९ ऑक्टो.
डॉक्टरांनी पुन्हा मापं घेतली. रेघांचा जुना चौकोन आता पुरत नाही. गाठ कानाकडे सरकलीय. माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरी कुणाला माहीतच नव्हतं का?"

घरी आई चार दिवस वसंताला शिवलेली नाही. पेज करते, वाटी उंबऱ्यावर ठेवते, मागे सरते.

वसंताचा आवाज आता नुसती फुसफूस. आज शेकाच्या खोलीत कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागला.

"दादा, आईले जवळ येऊ दे. आन मले सांग, आंघोळीनं बिघडते अशी कोणती साधी गाठ असते?"

म्हणालो, आलोच. बाहेर बाकावर येऊन हे लिहितोय. आत तो दाराकडे बघत असेल.

व्हरांड्यातल्या लोकांनो, उठा, आत जा, आणि आज डबा उघडण्याआधी आपल्या माणसाला त्याच्या रोगाचं नाव सांगा.