दोनशे बारा आत्या

छावणी रुग्णालय, तंबू क्र. ३
ता. ५ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि मोजे गुरुवारच्या विमानाने पोचले. मोजे नेहमीसारखे मला अंगठ्याशी घट्ट होतात, म्हणून नेहमीसारखे एका बाळंतिणीला देऊन टाकले. तेव्हा विणत राहा आणि माझ्या पायाचं माप चुकवत राहा. इथल्या जनरेटरचं नाव आम्ही 'जावई' ठेवलंय. चार माणसांनी मिनतवाऱ्या केल्याशिवाय सुरू होत नाही, आणि सुरू झाला की तासाभरात पुन्हा फुगून बसतो. परवा एक बाळंतपण मी तोंडात टॉर्च धरून केलं. माझा अवतार बघून त्या बाईला हसू फुटलं आणि हसता हसताच मुलगी झाली.

आता खरी बातमी. पुलावरची शांतिसेना महिनाअखेर उठणार म्हणतात. तिच्यासाठी आणि आमच्या रुग्णालयासाठी आपलं सरकार जी मदत देतं ती यंदाच्या अर्थसंकल्पातून गाळलीय, अठ्ठावीसला सभागृहात मतदान आहे. शांतिसेनेच्या गाड्या पुलावर उभ्या आहेत म्हणून दोन्हीकडचे बंदूकवाले गप्प आहेत, आणि ते गप्प आहेत म्हणून पाण्याचा टँकर आणि औषधांचा ट्रक आमच्यापर्यंत येतो. गाड्या हलल्या की पूल बंद. आम्हाला सामान बांधायला सांगितलंय. एकतीस खाटा भरलेल्या आहेत, त्यांचं काय करायचं हे कुणीच सांगितलेलं नाही. मला फार भीती वाटते गं.

एक मात्र बरं, इथे दोन वर्षं काढल्यावर आता घरी येईन. माझ्या खोलीतलं तुझं शिलाई मशीन हलवून ठेव. कळावे, आणि रागावू नये.

तुझी,
भिंगरी


ता. १३ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मशीन हलवलं. पलंगावर नवी चादर घातली. मग त्याच पलंगावर बसून तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि माझं डोकं फिरलं. एकतीस माणसं खाटेवर टाकून पूल सोडून द्यायचा, आणि वर त्याला काटकसर म्हणायचं? तुझ्या बापाला फोन केला तर तो म्हणाला, आपल्या हातात काय आहे. माझा हा धाकटा भाऊ लहानपणापासून असाच, गळकी बादलीसुद्धा दुसऱ्याने बदलावी लागायची.

मी पस्तीस वर्षं टपाल निवडलंय. मंत्र्यांच्या कचेरीत टपाल कसं मोजतात ते मला पाठ आहे. हजार सह्यांचा एक अर्ज गेला तर ते एकच पत्र. पण हजार माणसांनी आपापल्या हाताने हजार पत्रं लिहिली, तर प्रत्येक नोंदवावं लागतं, वाचावं लागतं आणि उत्तर द्यावं लागतं. म्हणून काल रविवारी वाचनालयाचा हॉल घेतला. सलूनवाल्याने दुकान बंद करून गिऱ्हाइकं तशीच उचलून आणली, त्यातल्या एकाच्या गालाला अजून साबण होता. मिशीवाला मटणवाला आला, मुख्याध्यापिकाबाई आल्या, अख्खी गल्ली आली. मी फळ्यावर नमुना लिहून दिला आणि ठणकावून सांगितलं की यातला एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. मागे रस्त्यावरच्या दिव्यांसाठी पत्रं धाडली तेव्हा ज्याला त्याला मनाचं लिहू दिलं, तर मटणवाल्याने चार पानं आपल्या मेहुण्याबद्दल लिहिली होती.

दोनशे बारा पत्रं झाली. सगळी अर्थमंत्र्यांच्या नावाने, सगळी पेटीत. चष्मा घरी विसरला होता, तरी फळ्यावरचं अक्षर मोत्यासारखं आलं असं बाई म्हणाल्या. पूल जाऊ देणार नाही मी. थंडी फार आहे, कान झाकून झोप. वेळेवर जेव.

तुझी,
आत्या


ता. १४ जानेवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

हे पत्र एकटीने वाच आणि फाडून टाक.

सकाळी सलूनवाला आला. पाव तास हवापाण्याबद्दल बोलला. मग खाली बघत त्याने विचारलं की मंत्र्यांना 'अरे-तुरे' केलं ते ठीकच असेल ना. मी म्हटलं, कुणी केलं? तर म्हणे आपण सगळ्यांनीच. त्याने घरी ठेवलेला कच्चा कागद दाखवला. वर सगळं चोख होतं, पूल, टँकर, औषधं, एकतीस खाटा. आणि खाली, 'थंडी फार आहे, कान झाकून झोप. वेळेवर जेव. तुझी, आत्या.'

दोन वर्षं आठवड्याला एक पत्र तुला लिहितेय. हाताला सवय लागली, शेवट आपोआप झाला, आणि चष्मा नव्हता. दोनशे बारा जणांनी तो इमानेइतबारे उतरवून घेतला. मटणवाल्यानेसुद्धा खाली 'तुझी, आत्या' असं लिहिलं. मुख्याध्यापिकाबाईंना जाब विचारला तर म्हणाल्या, दिसलं होतं, पण तुमची त्यात काही युक्ती असेल असं वाटलं, आणि तुमची चूक काढायची छाती कुणाची आहे.

तशीच चपला अडकवून टपाल कचेरीत धावले. थैली अजून तिथेच पडली होती, माझ्या डोळ्यांसमोर. पण पोस्टमास्तर माझ्याच हाताखाली तयार झालेला. तो उठून उभा राहिला, मला खुर्ची दिली, चहा दिला, थैली दिली नाही. म्हणाला, पेटीत पडलेलं पत्र ज्याच्या नावाचं त्याचं, हे तुम्हीच शिकवलंत. माझा संताप झाला आणि कौतुकही वाटलं, ते मी त्याला सांगितलं नाही.

आता मंत्र्यांना वाटणार आपण त्यांची टर उडवली. तुमचा पूल माझ्यामुळे जाणार, भिंगरे. सकाळपासून जेवले नाही.

तुझी खुळी,
आत्या


छावणी रुग्णालय
ता. २१ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र फाडलं नाही. उलट तंबूत मोठ्याने वाचलं. ओळ वाचायची आणि इथल्या भाषेत सांगायची, असं करता करता मला हसू आवरेना. एकतीस खाटा गदगदत होत्या. पोटाला टाके घातलेल्या आजोबांनी हात जोडून विनवलं की मटणवाल्याचा भाग पुन्हा सांगू नको, टाके उसवतील. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच तो पुन्हा सांगायला लावला. पुलावरचा कॅप्टन आता वायरलेसवर निरोप संपवताना सगळ्यांना कान झाकायला सांगतो.

सामान बांधायची खोकी आली आहेत. आम्ही त्यात दोन बाळं झोपवली, पाळणे कमीच होते. आजोबा रोज सकाळी विचारतात की त्यांनाही खोक्यात भरणार का. ते हसत विचारतात, पण उत्तराची वाट बघतात.

पूल गेलाच तर तो तुझ्यामुळे जाणार नाही, एवढं डोक्यात पक्कं ठेव. आणि जेव. दोनशे बारा ठिकाणी दुसऱ्याला जेवायला सांगून स्वतः उपाशी राहणं शोभत नाही.

तुझी,
भिंगरी


ता. ३० जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

पूल राहिला. रुग्णालय राहिलं. पूर्ण वर्षाची तरतूद मंजूर झाली.

परवा सलूनमध्ये रेडिओभोवती आम्ही सगळे कोंबून बसलो होतो. मंत्री उठले आणि म्हणाले की आपल्याला एकाच आठवड्यात दोनशे बारा आत्या झाल्या आहेत. त्यांनी शेवटच्या ओळी वाचल्या, सभागृह पोट धरून हसलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मग विरोधी बाकांवरून कुणीतरी म्हणालं की आत्यांनी वर काय लिहिलंय तेही ऐकू द्या. त्यांनी सुरुवातीपासून वाचलं. पूल, टँकर, तोंडात टॉर्च धरून केलेलं बाळंतपण, एकतीस खाटा. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही, रेडिओ बंद पडला की काय असं वाटलं. मतदान झालं, आणि आनंदाच्या भरात सलूनवाल्याने मटणवाल्याची अर्धी मिशी उडवली. आता तो निदान अर्धा तरी आत्या दिसतो.

आज दोनशे बारा उत्तरं आली. छापील कार्ड आहे, पण सही हाताची. 'ती. आत्यास सा. न. कान झाकले आहेत. पूल उघडा राहील. आपला भाचा.' मटणवाल्याने फ्रेम करायला टाकलंय.

त्या दिवशी नाचत घरी आले आणि तुझ्या खोलीत दिवा लावला. नवी चादर, रिकामं कपाट. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं की तू आता येणार नाहीस, आणि हे मीच धावून धावून केलं. एवढ्या दिवसांत हा विचार एकदाही शिवला नव्हता. मग खूप रडले. तुला सांगायचं नव्हतं, पण तुझ्यापाशी काही लपवायला जमत नाही मला. रडून झाल्यावर मशीन परत जागेवर नेलं. तुझी जुनी चप्पल माळ्यावर सापडली, तिच्यावर पट्टी धरून माप घेतलं आहे.

तुझी,
आत्या


छावणी रुग्णालय
ता. २० फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पुलावरून नवा जनरेटर आला. एका हाकेत सुरू होतो, दिवसभर घरघरतो, कुणाचं ऐकत नाही आणि त्याला बंद करायची कुणाची छाती होत नाही. त्याचं नाव काय ठेवलं असेल ते तुला सांगायला नको. त्याच्या उजेडात काल दोन बाळंतपणं केली, टॉर्च खिशातच होता. आजोबांचे टाके निघाले. ते परवा आपल्या पायांनी पूल ओलांडून घरी गेले, जाताना कान झाकून.

मलाही यायचं होतं गं, फार यायचं होतं. तू हे रात्री वाचशील आणि पुन्हा रडशील, म्हणून इथे जास्त लिहीत नाही.

मोजे पोचले. या वेळी अगदी माझ्या मापाचे निघाले. ते मी कुणालाही दिले नाहीत. लोभ आहेच, तो वर्षभर असाच टपालाने येऊ दे.

तुझी,
भिंगरी