टपावरचा डोंगा

३ जून १९५६, रविवार. चांदा.

ठरलं. डोंगा मीच नेणार. माझ्या मोटारीच्या टपावरून.

माझ्या बायकोच्या, इंदूच्या, धाकट्या बहिणीला, मनकर्णाला, दिवस भरत आलेत. तिचं गाव कोसमटोला, सिंदेवाहीकडच्या जंगलात. मधे नाला. पाऊस लागला की गाव तुटतं. गेल्या साली तिथली एक बाळंतीण पाणी उतरायची वाट बघता बघता गेली. तेव्हापासून इंदूला धड झोप नाही.

वैनगंगेकाठच्या मुखरूभाऊकडे एक डोंगा, खोड कोरून केलेली होडी, तयार आहे. सावरीच्या लाकडाचा, म्हणून हलका. ट्रकवाल्यानं भाडं सांगितलं, ते ऐकून पाणी प्यालो. मग आपली बेबी ऑस्टिन कशाला आहे?

इंदू म्हणाली, "तुमाले तं पाण्याची भीती वाटते."

मी म्हटलं, डोंगा टपावर, पाणी नदीत, माझा संबंध कुठे येतो? आणि ती भीती नाही. सावधपणा आहे. वकिलाला लागतो.

८ जून.

गफ्फारभाई मिस्त्रीकडे गेलो. लोखंडी कॅरिअर परवडत नाही. माझाच प्लॅन पक्का केला: टपावर तणसाचे पेंढे, त्यावर गोधडी, त्यावर डोंगा पालथा. दोर दोन्ही खिडक्यांतून आत घेऊन आवळायचा. पुढचं-मागचं टोक बंपरला. मागे लाल फडकं.

गफ्फारभाई म्हणाले, मग दारं उघडणार नाहीत, खिडकीतून शिरावं लागेल. "शिराल हो वकीलसाहेब, पण घाईत निघाचं पडलं तं?"

हसलो. वाटेतल्या मूल गावच्या जंगलात दार न उघडणं हीच सेफ्टी! आतून मी उघडू शकत नाही, म्हणजे बाहेरून कोणीही उघडू शकत नाही. 'कोणीही' म्हणजे कोण, ते लिहीत नाही. संध्याकाळी त्याचं नाव घेऊ नये.

११ जून.

खिडकीतून शिरण्याची प्रॅक्टिस. कमरेशी अडकलो. शेजाऱ्यांनी ओढून काढलं. उद्यापासून एक पोळी कमी.

१५ जून.

दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. प्रवासाआधी अंगात ताकद हवी. 

१६ जून, शनिवार. सकाळ. वैनगंगेचा काठ.

डोंगा पाहिला. मोटारीपेक्षा बराच लांब. हे कोणी बोललं नव्हतं. चौघांनी उचलून ठेवला तेव्हा मोटार खाली बसली आणि कण्हली. पुढचं टोक काचेसमोर इतकं येतं की रस्त्याची डावी बाजू दिसतच नाही. उजवी दिसते. एक बाजू पुरे.

मुखरूभाऊंनी आभाळाकडे बघून सांगितलं, तिकडे डोंगरात पाऊस पडून राह्यला, नाल्यात थांबू नका. मी मान डोलावली. इथे तर ऊन आहे. उगीच घाबरवतात लोक.

इंदू खिडकीतून सहज आत गेली. मला दोघांनी ढकललं.

त्याच दिवशी, दुपार. मूलच्या पुढे, रस्त्यात.

अक्षर वाईट. कारण रस्ता.

जंगल लागलं आणि डोक्यावर गुरगुर सुरू झाली. अगदी जवळ. मी वेग वाढवला, गुरगुर वाढली. आणखी वाढवला, तर तो डरकाळीच फोडायला लागला. घाबरून वेग कमी केला, तर एकदम गप्प. गप्प झालेला वाघ जास्त वाईट. नक्की टपावर बसून वाकून बघत असणार. इंदूला कुजबुजलो, हलू नको.

इंदूनं खिडकीतून हात बाहेर काढला (मी ओरडलो) आणि दोर धरला. आवाज बंद. "वाऱ्यानं दोर वाजून राह्यला," म्हणाली. मग मूलच्या बाजारात मनकर्णाच्या नवऱ्यासाठी, लटारूभाऊसाठी, घेतलेल्या नव्या विळ्याची मूठ दोरात अडकवून पीळ घट्ट केला.

मला ते माहीत होतंच. तिची परीक्षा घेत होतो. दहा मिनिटं सावलीत थांबू. इंजिन गार व्हायला.

१७ जून. कोसमटोला.

जिवंत आहे.

नाल्यात पाणी घोटाभर होतं. उतरलो. मधोमध चाक वाळूत बसलं. इंजिन बंद. पलीकडच्या काठावर मनकर्णाचा नवरा लटारूभाऊ आमची वाट बघत उभा होता. तो अचानक दोन्ही हात हलवायला लागला. मी पण हात हलवला. मग ऐकू आलं: "पाणी येऊन राह्यलं! निंघा, निंघा!"

इकडे थेंबही नव्हता. वरून लाल पाणी आलं, फेस, काटक्या, पानं घेऊन. आवाज आधी, मग पाणी. दार ढकललं. दार बांधलेलं. माझ्याच हातानं. पाणी खालून आत आलं, पायांवर, मग पोटऱ्यांवर. गार. मला श्वास घेता येईना. मी कोणाकोणाच्या नावानं हाका मारल्या ते आठवत नाही. इंदू सांगते, गफ्फारभाईंच्याही.

ती खिडकीतून निघाली. विळ्यानं दोर कापले, बंपरचा एक सोडून. डोंगा खाली घसरला, पाण्यात उलटला, सुलटा झाला आणि त्या एका दोरावर हिसके देत राहिला. लटारूभाऊ कमरेला दोर बांधून, धार तोडत आला.

"सोडा ते चाक!" इंदू ओरडली.

मी स्टिअरिंग सोडलं नव्हतं. मालकानं मोटार शेवटपर्यंत कंट्रोलमध्ये ठेवायची असते. तिनं माझी बोटं एकेक करून उचकटली, कॉलर धरली, आणि लटारूभाऊनं पाय ओढले. डोंग्यात मी आडवा पडून होतो. डोळे मिटलेले. खाली सबंध नाला हलत होता, पातळ लाकडाखाली, माझ्या गालाखाली.

मोटारीचा फक्त टप दिसतो.

काही झालं तरी डोंगा पोचला. सांगितलं होतं, पोचवीन.

१९ जून, मंगळवार.

पहाटेपासून मनकर्णाच्या कळा. शेजारची सोमारीबाई, गावची सुईण, हात धुऊन बाहेर आली आणि म्हणाली, "आडवं हाय. माह्या हातचं नाई. सिंदेवाहीले न्या." नाला भरून वाहतोय. डोंगा काढला. लटारूभाऊ वल्ह्यावर, मनकर्णा आडवी, इंदू तिचं डोकं मांडीवर घेऊन. आणखी एक जण पाणी उपसायला हवा होता.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मला ताप होता. आतून. हात लावून कळत नाही असा. सोमारीबाई लोटा घेऊन डोंग्यात बसली.

मी काठावर उभा होतो. डोंगा धारेत आडवा झाला तेव्हा खाली बसलो. मनकर्णाची किंकाळी ऐकली. मग डोंगा पलीकडे लागला, खाट आली, मनकर्णाला घेऊन खाट झाडांत गेली. मी बराच वेळ तिथेच होतो.

२० जून.

निरोप आला. मुलगी. दोघी सुखरूप. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर नाही.

हे सगळं माझ्या प्लॅनमुळे. नोंद असावी.

२४ जून.

लटारूभाऊ रोज डोंगा घेऊन येतो. "चला वकीलभाऊ, बाई वाट पाहून राह्यली." इंदू सिंदेवाहीला बहिणीजवळ आहे. मी सांगितलं, घरात एक पुरुष माणूस हवा. तो म्हणाला, घरात तं कोनीच नाई. म्हणूनच हवा, मी म्हटलं. उद्या विचार करू.

३० जून, शनिवार.

बारसं सिंदेवाहीलाच. सकाळी डोंगा आला. माझा निश्चय होता. धोतर खोचलं, एक पाय आत ठेवला. डोंगा हलला. पाय काढला.

सोमारीबाई चढली, कडेवर शेळी. बाळंतिणीला दूध हवं म्हणून. शेळी निवांत बसली आणि पलीकडे गेली.

संध्याकाळी डोंग्यातून माझ्यासाठी घुगऱ्या आल्या, पळसाच्या पानात. इंदूही आली होती. पलीकडच्या काठावर उभी होती. तिनं मला बोलावलं नाही. मी तोंडाशी हात धरून ओरडलो, मुलीचं नाव काय ठेवलं?

ती काहीतरी बोलली. पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही.