तिनं साफ केलेल्या पायऱ्या

३ फेब्रु., सोम. उणे २६.
नाही, मी जात नाही ते थंडीमुळं नाही. बेचाळीस वर्षं काढली विनिपेगच्या थंडीत, आता काय मरते. गुडघ्यामुळंही नाही. कुणी विचारलं नाही, तरी सांगते. त्या कम्युनिटी सेंटरात गोल खुर्च्या मांडून बसतात नि एकेक जण डोळे पुसतो, ते मला जमत नाही.
मेधा, माझी सून, यंदा तिथं व्हॉलंटियर. फेब्रुवारी म्हणजे ब्लॅक हिस्ट्री, काळ्या लोकांच्या इतिहासाचा महिना. दरवर्षी पोस्टर, ड्रम, केक. यंदा म्हणे आपल्याच गल्लीचं करायचं. इथं राहिलेल्या काळ्या कुटुंबांचे फोटो भिंतीवर, नि शेजाऱ्यांनी एकेक आठवण सांगायची. बरं आहे तसं. तिला बोलले नाही.
समोरच्या घरातली डोरीन येणार, कॅल्गरीहून. कंबरेचं ऑपरेशन झाल्यापासून लेकीकडं असते. तीन वर्षं. "आई, तुम्हीच बोला, एकाच फॅक्टरीत होतात ना दोघी."
बघू म्हणलं.

४ फेब्रु. रथसप्तमी.
दूध उतू घालवलं. स्मोक अलार्म बोंबलला. दरवर्षीचंच.
मेधाला हळदीकुंकवाची तीन बोलावणी. मला, "काकू, तुम्ही आराम करा." हे गेल्यापासून सहा वर्षं आरामच चालूय.
खिडकीत बसले. डोरीनच्या घरात आता दुसरे लोक. दारावरचा तिचा पिवळा दिवा काढून टाकला त्यांनी. मान अजून तिकडंच वळते.

६ फेब्रु.
लिहून टाकते एकदाचं.
घर घेतलं ते साल. माझं इथलं पहिलं हळदीकुंकू. तेरा बायका. गुजराती, पंजाबी, फॅक्टरीतली पोलिश सुपरवायझरसुद्धा. डोरीन माझ्या शेजारच्या मशीनवर. जाकिटाची चेन बसवायला तिनंच शिकवलं, हात धरून. आदल्या दिवशी तिला बोलून गेले होते, उद्या माझ्याकडं बायका येणार. सकाळी दार उघडते तर आमच्या पायऱ्या साफ. फावड्यानं बर्फ काढून वर मीठ टाकलेलं, कुणी घसरू नये म्हणून. तिनं.
मग साड्यांवर बूट चढवलेल्या तेरा जणी त्याच पायऱ्यांवरून आत आल्या. डोरीनला बोलावलंच नव्हतं. तिचा नवरा त्याच दसऱ्याच्या सुमाराला गेलेला. नवरा गेलेल्या बाईला कसं बोलवायचं? दुसरं काही मनात आलंच नाही.
ती पडद्याआडून बघत होती. मी बघितलं, नि

८ फेब्रु.
परवाचं राहिलं. नि मी आपला पडदा ओढून घेतला.
कैक वर्षांनी तिच्या किचनमध्ये चहा पीत होतो. बापाचं सांगत होती. रेल्वेच्या झोपायच्या डब्यात पोर्टर होता. लोकांचे बिछाने घालायचे, बूट पुसायचे. नाव क्लिफर्ड, पण प्रवासी सगळ्याच पोर्टरांना 'जॉर्ज' म्हणायचे. घरी आला की आधी स्वतःचं नाव मोठ्यानं घ्यायचा म्हणे. मग कपात बघत म्हणाली, "या गल्लीत पण एक दार उघडलं नाही मला. एका हिवाळ्यात."
मी बिस्किटं पुढं केली. तेव्हा इंग्रजी येत नव्हतं असं नाही. येत होतं.

१० फेब्रु.
डोरीनचा फोन. आवाज बारीक झालाय. नवे लोक बर्फ काढतात का, विचारलं. मशीन फिरवतात नि निम्मा माझ्या दारात उडवतात, म्हणलं. हसली. हसणं तेच, खालून वर चढत जाणारं. माझ्याबद्दल काय बोलणार आहेस म्हणाली. चेनबद्दल, म्हणलं.
बोलणं संपल्यावर फोन तसाच हातात धरून बसले. पोळ्या राहिल्या.

१३ फेब्रु.
मेधानं भाषण लिहून आणलं. 'सिस्टरहुड' चार वेळा. परत दिलं, नि खरं काय ते तिला सांगितलं. डोरीन विधवा म्हणून बोलावलं नाही, आणि तिला वाटतंय काळी म्हणून.
मेधा म्हणाली, "मग विधवा म्हणून, हे ऐकून त्यांना बरं वाटेल का आई?"
शिकलेली पोरगी. बरोबर जागी टाचणी.
बरं वाटायला नकोच. एवढी वर्षं तिनं चुकीचं कारण उराशी धरलं, खरं तरी असू दे तिच्याकडं.
पण ते तरी पुरतं खरं का? पोलिश बाई विधवा असती तर? साहेबीण होती. बोलावलं असतं मी.
हेही सांगावं लागणार.

१५ फेब्रु., शनि.
कार्यक्रम दोनला. डोरीनला बारालाच घरी बोलावलं. पायऱ्या मी साफ केल्या, मेधाला फावड्याला हात लावू दिला नाही. काठी टेकत आली. मधल्या पायरीवर थांबून खाली बघितलं.
रथसप्तमी उलटून गेली, चालायचं. ताट काढलं. मी तिला हळदीकुंकू लावलं, तिला म्हणलं आता मला लाव. थोडं नाकावर सांडलं. मग सगळं सांगितलं. पोलिश बाईचंसुद्धा.
तिनं तिळगूळ तोंडात टाकला. तो संपेपर्यंत खिडकीतून समोर आपल्या जुन्या घराकडं बघत राहिली. मग बोलली.
हॉलवर पोचलो तोवर केक कापून झालेला. भिंतीवर तिचा फोटो होता, खाली मेधानं माझ्या आठवणीसाठी सोडलेली रिकामी जागा. मेधा विचारते, काय म्हणाल्या त्या?
विचारू नकोस म्हणलं. इथंही लिहिणार नाही.